प्रोमिथिअस, खुर्चीतला तो मेलेला जीव आणि माझी जुनी तक्रार

कृष्णाकाठ

आधीच सांगतो, पुढे 'एलियन' (१९७९) आणि 'प्रोमिथिअस' (२०१२) दोन्हींची गोष्ट फोडली आहे. पाहायचे असतील तर इथूनच मागे फिरा.

१९९१ च्या मे महिन्यात सांगलीला मामाकडे एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्याने आणला होता. सोबत चार कॅसेट. तीन हिंदी, आणि चौथी दुकानदाराने 'इंग्लिश आहे, भुताची' म्हणून वर टाकलेली. तिसरी संपेपर्यंत मोठी माणसं जागच्या जागी आडवी झाली होती. चौथी मी आणि मामेभाऊ अशा दोघांनीच पाहिली, आवाज बारीक करून.

सगळ्यांना त्या सिनेमातलं जेवणाचं टेबल आठवतं, छाती फोडून बाहेर येणारं पिल्लू आठवतं. मला आठवते ती त्याच्या बरीच आधीची खुर्ची. तीन माणसं एका पडलेल्या परक्या यानात शिरतात आणि समोर एक अवाढव्य जीव आसनात बसल्या बसल्या मरून पडलेला असतो. हत्तीसारखी सोंड, दगड झालेलं शरीर, जणू खुर्चीतूनच उगवलेला. बरगड्या बाहेरच्या बाजूला वाकलेल्या. पुढे सिनेमा त्याच्याबद्दल अवाक्षर काढत नाही. कोण होता, कुठे निघाला होता, एकटाच का होता, काही नाही.

त्या रात्री गच्चीवर आम्ही भांडलो. भाऊ म्हणाला, तो ती अंडी कुठेतरी लांब टाकून द्यायला निघाला होता, आणि यानातून येणारा तो संदेश म्हणजे 'इकडे येऊ नका' अशी पाटी आहे. मी म्हणालो, तो शेतकरी होता आणि ते त्याचं बियाणं होतं. हा वाद आम्ही पुढची वीस वर्षं चालवला. लग्नात, बारशाला, एकदा तर दहाव्याला घाटावर.

आणि २०१२ मध्ये रिडली स्कॉटने, त्याच दिग्दर्शकाने, सांगितलं की ती सोंड म्हणजे नुसतं शिरस्त्राण होतं. आत आपल्यासारखाच एक गोरापान, उंच माणूस. आपला जन्मदाताच म्हणे. डीएनए तंतोतंत आपला.

मी थिएटरमधून बाहेर आलो तेव्हा मला खरंच वाईट वाटलं होतं. राग नंतर आला. विश्वातली सगळ्यात परकी वस्तू माझ्याकडे होती आणि ती कुणीतरी नात्यातली करून टाकली.

आता प्रश्न. मुलीची बारावी झाली, ती अठराची आहे आणि तिला हे सगळे सिनेमे माझ्यासोबत बघायचे आहेत. कथेच्या क्रमाने आधी प्रोमिथिअस दाखवू की आधी एलियन? मला काय वाटतं ते उघड आहे, पण तुमची मतं हवी आहेत.

मंदार_ठाणे

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो. आधी एलियन, यात प्रश्नच नाही.

ऋता

प्रश्न आहे. मी प्रोमिथिअस आधी पाहिला, एकोणिसाव्या वर्षी. एलियन हे नावसुद्धा तेव्हा फक्त ऐकून माहीत होतं. मला कुणी काही हिरावून घेतलं असं वाटलं नाही, कारण माझ्याकडे काही नव्हतंच. मला दिसला तो डेव्हिड. सगळे झोपलेले असताना दोन वर्षं यानात एकटा फिरणारा, केस रंगवणारा, जुना सिनेमा बघून बोलण्याची ढब उचलणारा यंत्रमानव. मायकेल फासबेंडरने तो असा केलाय की पुढचे चार दिवस माझ्या डोक्यातून गेला नाही.

मोहिमेतला शास्त्रज्ञ होलोवे त्याला सांगतो ना, की आम्ही तुला बनवलं कारण आम्हाला बनवता येत होतं. त्यावर डेव्हिड विचारतो, हेच उत्तर तुमच्या निर्मात्याने तुम्हाला दिलं तर किती निराशा होईल? कृष्णाकाठकाका, तुमची तक्रारही तीच आहे. तुम्हाला निर्मात्याकडून उत्तर मिळालं आणि ते फारच साधं निघालं. पण सिनेमाच त्याबद्दल आहे!

कृष्णाकाठ

ऋता, हे मला कुणी असं म्हणून दाखवलं नव्हतं. विचार करतो.

तरी एक म्हणेन. उत्तर निराश करणारं आहे, हे दाखवायला माझी खुर्चीच कशाला हवी होती? वेगळं यान, वेगळे लोक घेता आले असते.

फुरसं

मी रत्नागिरी जिल्ह्यात साप सोडवायला जातो, त्यामुळे मला या सिनेमातली एकच गोष्ट बोलायची आहे, आणि ती मी पोटतिडकीने बोलणार आहे.

जीवशास्त्रज्ञ मिलबर्न. परक्या जगात काळ्या पाण्यातून सापासारखं काहीतरी वर येतं. ते फणा काढतं. आणि हा माणूस लाडात येऊन हात पुढे करतो! अहो, फणा म्हणजेच जनावराने दिलेली सूचना. नाग उगाच फणा काढत नाही, तो सांगत असतो की मला जागा दे. आमच्याकडे नव्याने येणाऱ्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो की ओळख पटेपर्यंत प्रत्येक साप विषारी समजायचा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार तरी आपल्या ओळखीचे आहेत, तरी आम्ही अंतर ठेवतो, काठी-हूक वापरतो. याच्याकडे तर ओळखीचं काहीच नव्हतं.

आणि हाच माणूस थोड्या वेळापूर्वी मेलेला जीव बघून घाबरून परत फिरला होता. मेलेल्याला भितो आणि जिवंताला गोंजारतो. लेखकाला माणूस मारायचा होता, म्हणून त्याने त्याचं शिक्षण काढून घेतलं. याचा मला राग आहे.

मंदार_ठाणे

फुरसं, +१००. त्याच्या जोडीचा भूशास्त्रज्ञ फिफील्ड. बोगद्यांचा नकाशा काढणारे उडते गोळे त्याचे स्वतःचे. यानात बसलेल्यांना पडद्यावर सगळा नकाशा दिसतोय, आणि हरवतो कोण? नकाशावाला.

आणि शेवटी त्या परक्यांचं कोसळलेलं गोल यान चाकासारखं गडगडत येतं तेव्हा मोहिमेची प्रमुख व्हिकर्स सरळ रेषेत पुढे पळते. आमच्या हॉलमध्ये एक आजोबा ओरडले होते, "बाई, बाजूला हो!" सगळं थिएटर हसलं.

गणिती

आकडे. व्हिकर्स एके ठिकाणी म्हणते की आपण पृथ्वीपासून अर्धा अब्ज मैलांवर आहोत. म्हणजे सुमारे ८० कोटी किलोमीटर. गुरू सूर्यापासून सुमारे ७८ कोटी किलोमीटरवर आहे. म्हणजे या बाई गुरूच्या थोड्या पलीकडे. खगोलशास्त्रज्ञ नील डिग्रास टायसन यांनीही तेव्हा हे दाखवून दिलं होतं. गंमत अशी की सुरुवातीला पडद्यावर जो मजकूर येतो त्यात अंतर बरोबर आहे, ३.२७ गुणिले १० चा १४ वा घात किलोमीटर. भागून बघा, जवळजवळ ३५ प्रकाशवर्षं येतात.

दुसरं. मिलबर्न 'तीनशे वर्षांच्या डार्विनवादा'बद्दल बोलतो. कथा २०९३ सालची, डार्विनचा ग्रंथ १८५९ चा. २३४ वर्षं होतात.

जुनाजाणता

गणिती, बोलताना माणूस तीनशेच म्हणतो हो. आपण पण 'हजारदा सांगितलं' म्हणतो तेव्हा कुणी मोजत नाही.

मी या सिनेमाच्या बाजूचा आहे आणि धागा एकतर्फी होऊ नये म्हणून लिहितो. पहिली पाच मिनिटं आठवा. माणूस नाही, भाषा नाही. धबधब्याच्या काठावर एक उंच गोरा जीव वाटीतलं काळं काहीतरी पितो, त्याचं शरीर आतून विरघळतं, तो पाण्यात कोसळतो आणि त्याच्या तुकड्यांतून नवं जीवन सुरू होतं. हे बघताना मला एकदम ऋग्वेदातलं पुरुषसूक्त आठवलं. दहाव्या मंडलातलं नव्वदावं सूक्त. देवांनी पुरुषाचाच यज्ञ केला आणि त्याच्या अंगांतून सृष्टी झाली. मी वडिलांसोबत ते लहानपणी म्हणत असे. अर्थ डोळ्यांसमोर कधी आला नव्हता, तो त्या दिवशी आला. ग्रीक नावाचा सिनेमा, पण मला माझ्या घरातलं काहीतरी दाखवून गेला.

एवढ्यासाठी मी त्याला शंभर चुका माफ करतो. खुर्चीसुद्धा.

उत्तरध्रुव

तो धबधबा मी प्रत्यक्ष पाहिला आहे. आइसलँडच्या उत्तरेला, डेटिफॉस. मी ऑस्लोला असते, २०१६ ला गेलो होतो. उंची ४४ मीटरच, आपल्या सह्याद्रीत याहून कितीतरी उंच धबधबे आहेत. पण रुंदी १०० मीटरच्या आसपास आणि पाणी प्रचंड. आणि ते पाणी पांढरं नाही, राखेच्या रंगाचं आहे. हिमनदीखालचा गाळ घेऊन येतं. काठावर कठडा नाही, झाड नाही, फक्त काळा खडक आणि पायाखाली जाणवणारी थरथर. सासूबाई सोबत होत्या. त्या बराच वेळ गप्प उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जग सुरू झालं तेव्हा असंच दिसत असेल." त्यांनी सिनेमा पाहिलेला नाही.

पेशी

जुनाजाणता, पुरुषसूक्ताचं पटलं. पण माझं पोट सूक्ष्मजीवशास्त्रावर चालतं, त्यामुळे हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

जीवनाचं बीज बाहेरून आलं, ही कल्पना मुळीच वेडगळ नाही. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी ती लावून धरली, आणि आपल्या जयंत नारळीकरांनी ती तपासायला हात घातला. २००१ मध्ये हैदराबादहून इस्रोच्या मदतीने फुगा सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने घेतले. २००५ मध्ये पुन्हा. त्या दुसऱ्या खेपेत जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. एकीला हॉयल यांचं नाव, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटाचं. त्या अभ्यासात पुण्याची एनसीसीएस आणि हैदराबादची सीसीएमबी या दोन्ही प्रयोगशाळा होत्या. त्या जाती वरूनच आल्या असं त्यांनी ठामपणे म्हटलं नाही. पृथ्वीवरूनच वर गेल्या असतील, हा पर्यायही उघडा ठेवला. शास्त्रज्ञ असं बोलतो.

आता सिनेमा. बीज टाकलं अब्जावधी वर्षांपूर्वी. त्यातून शेवाळ, मासे, डायनोसॉर, वड, आपण सगळेच झालो. आणि त्या सगळ्यातून नेमक्या आपल्याच डीएनएचा बीज टाकणाऱ्याशी तंतोतंत मेळ बसतो? चिंपांझीशीसुद्धा आपला तसा मेळ नाही. शिवाय तो जुळत असेल तर तो एवढा उंच आणि आपण साडेपाच फुटी का? एक वाक्य बदललं असतं, 'जुळतो' ऐवजी 'नातं दिसतं' म्हटलं असतं, तरी भागलं असतं.

डॉ_वैदेही

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. सिनेमाची नायिका एलिझाबेथ शॉ पोटात वाढणारा परका जीव यंत्राकडून काढून घेते, त्या शस्त्रक्रियेच्या प्रसंगाबद्दल इथे कुणी बोललं नाही याचं आश्चर्य वाटलं.

वैद्यकीय चुका आधी. यंत्र पोट आडवं कापतं, तो जीव चिमट्याने उचलतं आणि वरून कातडीला पिना मारतं. गर्भाशय कुणी शिवलं? मधले थर? मी रोज हे करते. कातडी बंद करणं हे सगळ्यात शेवटचं आणि सोपं काम. आम्ही पेशंटला दुसऱ्या दिवशी हात धरून चालवतो. शॉ तासाभरात पळते, उड्या मारते, दरीवर लोंबकळते. नाही होत हो.

पण मी त्या प्रसंगात खुर्चीच्या कडेला आले होते ते दुसऱ्याच कारणाने. ती यंत्राला सिझेरियन मागते आणि यंत्र सांगतं की ते फक्त पुरुष रुग्णांसाठी आहे. पोटात मरण वाढतंय आणि यंत्र तिला ओळखतच नाही. ते वाक्य मला फार लागलं. बायकांच्या हृदयविकाराची लक्षणं वेगळी असू शकतात हे अजून किती ठिकाणी दुर्लक्षित राहतं, ते मी बघते. आणि पुढची गंमत म्हणजे तिथेच कथेचा धागा दिलेला आहे. यंत्र व्हिकर्सच्या खोलीत, पण पुरुषासाठी का? कारण मोहिमेला पैसा देणारा म्हातारा वेलंड यानात लपलेला आहे. शॉ झालेल्या नूमी रपासने तो सगळा प्रसंग ज्या ताकदीने केलाय, त्यासाठी मी हा सिनेमा पुन्हा बघेन.

कृष्णाकाठ

वैदेहीताई, चार वेळा पाहिला मी, पण यंत्राचा आणि वेलंडचा संबंध आज कळला. मनापासून आभार.

अरुंधती_भाषा

थोडं अवांतर, पण मला वाटतं हे मुद्द्यापाशीच येईल.

ऋताने डेव्हिडचा विषय काढला. तो प्रवासात एक भाषा शिकतो, आठवतंय? समोर एका शिक्षकाची प्रकाशाकृती असते आणि डेव्हिड त्याच्यामागून वाक्यं म्हणतो. ते शिक्षक म्हणजे लंडनच्या सोआस संस्थेतले भाषातज्ज्ञ अनिल बिल्टू, तेच सिनेमाचे सल्लागारही होते. आणि तो जे म्हणतो ते अगडम-बगडम नाही. ती आदिम इंडो-युरोपीय भाषेतली एक गोष्ट आहे. ही भाषा कुठे लिहून ठेवलेली नाही. संस्कृत, ग्रीक, लॅटिन वगैरे बहिणी ताडून तिची मांडणी करतात. जर्मन अभ्यासक आउगुस्ट श्लायखर याने १८६८ मध्ये ती गोष्ट त्या भाषेत रचली. मी डेक्कन कॉलेजमध्ये शिकत असताना ही गोष्ट आम्हाला फळ्यावर लिहून दिली होती, त्यामुळे थिएटरमध्ये मी शेजारणीचा दंड एवढा घट्ट धरला की ती दचकली.

श्लायखरच्या पाठाची सुरुवात साधारण अशी : 'अविस्, यस्मिन् वर्णा न आ अस्त, ददर्क अक्वम्स्'. हळू वाचा. अवि म्हणजे मेंढी. वर्णा म्हणजे संस्कृतातली ऊर्णा, लोकर. कोळ्याला ऊर्णनाभ म्हणतात ना, तीच ऊर्णा. ददर्क म्हणजे ददर्श, पाहिलं. अक्व म्हणजे अश्व. 'जिच्या अंगावर लोकर नव्हती अशा मेंढीने घोडे पाहिले.' अर्धा अब्ज मैल लांब... माफ करा गणिती, ३५ प्रकाशवर्षं लांब निघालेल्या यानात यंत्रमानव आपल्या खापरपणजीची भाषा बोलतोय.

आणि गोष्ट काय आहे बघा. एक घोडा गाडी ओढतोय, एक ओझं वाहतोय, एक माणसाला पाठीवर घेऊन पळतोय. मेंढी म्हणते, माणूस घोड्यांना कसा राबवतो हे बघून माझं काळीज तुटतं. घोडे म्हणतात, आमचं काळीज तुझ्याकडे बघून तुटतं, कारण माणूस तुझी लोकर काढून स्वतःला ऊब देतो आणि तू उघडी राहतेस. हे ऐकून मेंढी रानात पळून जाते.

माणसाने राबवण्यासाठी बनवलेला डेव्हिड एकटा बसून ही गोष्ट पाठ करतो. सिनेमा त्याचा अर्थ कुठेही सांगत नाही. तिथे खाली भाषांतरसुद्धा येत नाही.

कृष्णाकाठ, तुम्हाला न सांगितलेलं हवं होतं ना? ते इथे आहे. खुर्चीतून उठून डेव्हिडजवळ जाऊन बसलंय.

ऋता

अरुंधतीताई, अंगावर काटा आला. मी आत्ता तो भाग परत लावला.

जुनाजाणता

आणि शेवटी डेव्हिड त्या जाग्या झालेल्या जीवाशी बोलतो, तेही त्याच भाषेत ना? त्यालाही भाषांतर नाही.

अरुंधती_भाषा

हो, त्याच धर्तीवर. बिल्टूंनी नंतर त्याचा अर्थ सांगितला होता : हा माणूस, म्हणजे वेलंड, इथे आलाय कारण त्याला मरायचं नाही, आणि तुम्ही त्याला आयुष्य वाढवून द्याल असं त्याला वाटतं. उत्तरादाखल तो जीव डेव्हिडचं मुंडकं उपटतो. स्वतःसाठी काही मागितलेलं नव्हतं त्याने.

मंदार_ठाणे

रात्री लिहितो म्हणालो होतो, तर हे घ्या. खुर्चीबद्दल. ती १९७९ ची आकृती स्विस चित्रकार एच. आर. गीगर यांनी घडवली, २६ फूट उंच. पैसे फार लागतात म्हणून तो प्रसंगच नको, असं निर्मात्यांकडून म्हटलं जात होतं. ती आणखी मोठी वाटावी म्हणून रिडली स्कॉटने लांबून घेतलेल्या दृश्यात लहान अवकाशपोशाखात मुलं उभी केली, त्यात त्याची स्वतःची दोन मुलं होती. म्हणजे कृष्णाकाठ, आपण ज्या राक्षसापुढे थरारलो त्याच्यासमोर खरंतर पोरंच उभी होती, आपल्याएवढी.

आणि कामाचं. प्रोमिथिअस घडतो एलव्ही-२२३ वर. एलियनमधलं यान आहे एलव्ही-४२६ वर. प्रोमिथिअसमधला तो गोरा जीव खुर्चीत मरतच नाही, तो शॉच्या मागे धावत जाऊन दुसरीकडे मरतो. तुमचा खुर्चीतला जीव वेगळा, यान वेगळं. तो कोण होता हे या सिनेमाने सांगितलेलंच नाही.

कृष्णाकाठ

मंदार, हे मला माहीत होतं, पण मी ते रागात मोजलं नव्हतं. वेगळा ग्रह, वेगळं यान. तरी जात तीच, असं सिनेमा सुचवतोच ना. बघू.

शनिवारी एलियन लावतोय. क्रम ठरला. ऋता, तुझं म्हणणं पटलं तरी आधी प्रश्न आणि मग उत्तर, एवढं मला तिला द्यायचंच आहे.

फुरसं

कळवा कसं झालं. मिलबर्न येईल तेव्हा माझी आठवण काढा.

कृष्णाकाठ

परवा एलियन, काल प्रोमिथिअस. दोन्ही झाले.

खुर्ची आली तेव्हा मी काही बोललो नाही. तिने रिमोट घेतला आणि चित्र थांबवलं. उठून टीव्हीजवळ गेली. बरगड्यांवर बोट ठेवून म्हणाली, "बाबा, हा स्फोट बाहेरून नाही झालेला." मग विचारलं, "हा कोण?" मी म्हटलं, मला माहीत नाही. तिला वाटलं मी सांगायचं टाळतोय.

काल प्रोमिथिअसमध्ये ते शिरस्त्राण उघडलं आणि आतून माणसाचा चेहरा आला. मी तिच्याकडे बघत होतो, पडद्याकडे नाही. तिने मान हलवली. "हा तो नाही. त्याची हाडं होती. पोशाखाला बरगड्या नसतात. हा त्याची नक्कल करून बसलाय त्याच्या खुर्चीत." म्हणजे तिच्या मते खुर्चीतला जीव कितीतरी जुना, आणि हे गोरे लोक त्याचं रूप पांघरतात, आपण देवाचा मुखवटा घालावा तसं. हे मला तेरा वर्षांत सुचलं नव्हतं.

अरुंधतीताई, मेंढीची गोष्ट मी तिला डेव्हिडच्या प्रसंगानंतर सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली की डेव्हिड त्यातला घोडा आहे की मेंढी, ते ठरवता येत नाही.

फुरसं, मिलबर्नने हात पुढे केला तेव्हा ती ओरडली, "अरे फणा काढलाय त्याने!" मी काही शिकवलं नव्हतं.

रात्री अकराला मामेभावाला मिरजेला फोन लावला आणि स्पीकरवर तिचं म्हणणं ऐकवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "ठीक आहे, जुना असेल. पण अंडी टाकायलाच निघाला होता तो." रविवारी येतोय तो. कॅसेट कुठे मिळेल का विचारत होता.